अकरा शाली आणि एक दोरा

"शांतता सोडू की गारवा सोडू? दोन्हींतलं एकच काहीतरी हाती लागतंय, चाचा! कोणतं सोडू?"

चौगुले सरांनी हा प्रश्न एवढ्या मोठ्यानं विचारला, की समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

"क्काय?" दस्तगीरचाचांनी कानामागं हात धरला.

"आवाज! कंप्युटरचा आवाज कमी करायचाय!"

"मग वरडताय कशाला?"



दस्तगीर मोमीन इचलकरंजीत एकेचाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो ताळ्यावर आणणारा माणूस. त्या एकेचाळीस वर्षांत मागांनी त्यांचा डावा कान पुरता नेला आणि उजवा नावापुरता ठेवला. पुढं नवे माग आले, त्यांना इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या. पेट्यांत कापसाचा रेशा, म्हणजे उडणारा बारीक तंतू, बसू लागला, पेट्या तापून बंद पडू लागल्या. बाहेरून इंजिनिअर आले, चहा पिऊन गेले. चाचांनी पेट्यांचा ताप उतरवला. तेव्हापासून गावात जे जे तापेल ते चाचांकडं येई.

भूपाल चौगुले सर मात्र सहजासहजी आले नव्हते. कॉलेजात बत्तीस वर्षं त्यांनी भौतिकशास्त्र शिकवलं होतं. पहिल्या सहामाहीत उष्णता, दुसऱ्या सहामाहीत ध्वनी. दोन्ही एकाच वेळी हाताळायची पाळी मात्र कधी आली नव्हती.

ती आता आली होती.

मिरजेच्या एका वसतिगृहात पद्मजा मगदूम नावाची मुलगी राहायची. जन्मापासून दिसत नव्हतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, आणि राज्यशास्त्राचं सव्वातीनशे पानांचं पुस्तक कुणी वाचून देईना. एका समारंभात, अंगावर सत्काराची शाल असताना, सरांनी जाहीर केलं, "मी घरी रेकॉर्ड करून देतो. सगळं पुस्तक." टाळ्या पडल्या. त्या भरात संयोजकांनी आणखी एक शाल आणवली आणि न केलेल्या कामाबद्दल ती तिथल्या तिथं सरांना पांघरली.

ती अकरावी शाल.

पहिले दोन धडे गेले आणि पद्मजाचा फोन आला.

"सर, तुमचा आवाज छान आहे. पण मागं कुणीतरी शिट्टी वाजवतंय."

"शिट्टी?"

"मी दुप्पट वेगानं ऐकते ना, सर. मग घरघरीची शिट्टी होते."

कंप्युटरच्या घरघरीचं सरांना फारसं काही वाटलं नाही. आपलं वाचन कुणी दुप्पट वेगानं ऐकतं, हे मात्र लागलं.

त्यांनी कंप्युटर उचलून भिंतीतल्या सागवानी कपाटात कोंबला आणि भोवती घरातलं उबदार, जाड, मुबलक असं जे काही होतं ते ठासलं. शिट्टी बंद झाली. पुढच्या धड्याच्या तेविसाव्या मिनिटाला कंप्युटरही बंद झाला. केलेलं वाचन त्याच्याबरोबर गेलं, कारण मध्येच थांबून ते जतन करून ठेवणं सरांना कमीपणाचं वाटे. वर्ग चालू असताना त्यांनी कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

मग त्यांनी कपाट उघडं टाकलं, कंप्युटरची कडेची पत्र्याची बाजूही काढली. कंप्युटर गार झाला, शिट्टी परत आली. कपाट लावलं, तेवीस मिनिटं. उघडलं, शिट्टी. असे हेलपाटे घालत सहा धडे कसेबसे झाले. सातवा धडा तीनदा वाचून तीनदा मेला.

परीक्षेला एकोणीस दिवस राहिले होते. धडे राहिले होते नऊ.

सरांच्या पत्नी राजमती एवढंच म्हणाल्या, "या घरात न थांबता बोलणारं एकच होतं. आता दोघं झालात. त्यातला एक तरी त्या दस्तगीरचाचांकडं दाखवा."

तर सर आले होते. सगळी हकिगत ओरडून सांगून झाली होती. तापमानाचे आकडे सांगून झाले होते. कोणतं सोडू, हा प्रश्न अंगणात लोंबकळत होता...

चाचांनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

"सर, त्या लिंबाला पाणी घाला."

"क्काय?" या खेपेला सर म्हणाले.

चाचांनी त्यांच्या हातात चहाचा रिकामा कप दिला. नळ अंगणाच्या त्या टोकाला, लिंबाचं झाड या टोकाला. "चहा हुईस्तवर बादलीभर पाणी पडलं पायजे."

सरांनी गोष्टी वाचल्या होत्या. गुरू आधी नम्रतेची परीक्षा घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा पहिल्या नंबरानं पास व्हायचं ठरवून ते धावत सुटले. कप भरला, धावले, ओतला, धावले. चौसष्टाव्या वर्षी. पंधराव्या खेपेला चप्पल सुटली. तिसाव्या खेपेला गिरणीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. चाळिसाव्या खेपेला सरांच्या छातीतून भात्यासारखा आवाज यायला लागला.

चाचा उठले. त्यांनी सरांच्या पाठीवर पंजा टेकला आणि डोळे मिटले.

"वाजतोय," ते म्हणाले.

"काय... वाजतंय?"

चाचांनी कप काढून घेतला आणि बादली पुढं केली. "आता ह्यात आणा. सावकाश. घाई न्हाई."

सर चालत गेले. बादली भरली, चालत आले, ओतली. चाचांनी पुन्हा पाठीवर पंजा टेकला.

...

"न्हाई वाजत."

सरांनी आधी कपाकडं पाहिलं, नंतर बादलीकडं. मग त्यांचे डोळे चमकले. फळ्यावर गणित सुटलं की बत्तीस वर्षं असेच चमकत आले होते.

"म्हणजे छोटा पंखा धावतो म्हणून वाजतो! मोठा लावला तर तेवढीच हवा सावकाश... चाचा, पण हे तर मी शिकवलेलं आहे!"

"कुणाला?"

"मुलांना!"

"हां." चाचांनी चहा गाळला. "मी कुठं काय म्हणलो? लिंबाला पाणी पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा सायकलवरून आले. कॅरिअरला वीतभर रुंदीचा एक पंखा बांधला होता, मागाच्या जुन्या पेटीतला. राजमतींनी पाणी दिलं. चाचा खोलीभर बघत राहिले.

"कंप्युटर कुठाय?"

"कपाटात," सर म्हणाले.

"का? चोरीला जातोय?"

सरांनी कपाट उघडलं. आत शालीच शाली. जरीच्या, काठाच्या, पिवळ्या, भगव्या, गुलाबी. त्यांच्या मध्ये कुठंतरी एक हिरवा दिवा मिणमिणत होता.

चाचांनी राजमतींकडं पाहिलं. "ह्येला थंडी वाजती व्हय?"

"मी तेच म्हणते. माणसाला एक पुरते."

चाचांनी खिशातून कच्च्या सुताचा एक दोरा काढला. मागावर असताना लागलेली सवय. खिशात दोरा नसला तर त्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटे. दोन बोटांत धरून त्यांनी तो कंप्युटरच्या तोंडापुढं नेला.

दोरा सरळ लोंबत राहिला. हलला नाही.

मग हात लांब करून त्यांनी तो कंप्युटरच्या पाठीमागं धरला. दोरा उडाला. वर गेला, कपाटाच्या छताला लागला, वाकला, आणि शालींच्या फटीतून पुन्हा पुढच्या अंगाला आला.

"बघितलं?"

सरांनी बघितलं.  बाहेर टाकलेली तापलेली हवाच कंप्युटर परत आत घेत होता. तीच ती, तीच ती, तेवीस मिनिटं.

"काढा," चाचा म्हणाले.

"काय?"

"सत्कार."

सर एकेक शाल ओढून काढू लागले. प्रत्येकीची ओळख करून दिल्याशिवाय त्यांना राहवेना. चाचा प्रत्येकीचा काठ चिमटीत धरून चोळून बघत.

"ही तालुका शिक्षक संघाची."

"पॉलिस्टर."

"ही आमदारांच्या हस्ते."

"पॉलिस्टर."

"ही आदर्श अध्यापक पुरस्काराची. ही पुरस्काराबद्दल गल्लीतर्फे. ही... त्या कार्यक्रमाला खरं तर दुसऱ्याच चौगुल्यांना बोलावलं होतं."

"पॉलिस्टर, पॉलिस्टर... ही जरा बरी हाय. पर पॉलिस्टर."

नऊ झाल्या. दहावीशी सर थांबले.

"ही मुलांनी दिलेली. माझ्या शेवटच्या वर्गानं."

चाचांनी काठ चोळला. थांबले. पुन्हा चोळला.

"लोकर."

ती त्यांनी घडी घालून वेगळी, खुर्चीवर ठेवली.

आता एकच राहिली होती, कंप्युटरच्या तोंडावर गच्च बसलेली.

"ही कशाची?"

सरांनी खुर्चीवरच्या शालीची घडी पुन्हा सारखी केली.

"सर, ही कशाची?"

"याच कामाची," सर हळू आवाजात म्हणाले. "काम अजून व्हायचंय."

आश्चर्य म्हणजे चाचांना ते ऐकू गेलं. त्यांनी ती शाल स्वतः ओढून काढली. तिच्यामागची जाळी गुलाबी, भगव्या रेशांनी बुजून गेली होती. बोटभर जाडीची गादीच झाली होती तिथं.

मग फार बोलणं झालं नाही. कंप्युटर टेबलावर आला. चाचांनी रंगाच्या ब्रशनं जाळी झाडली, आतल्या पातळ पत्र्यांमधला रेशा काढला. तो मोठा पंखा पुढच्या बाजूला बसवला. सर म्हणाले, "पण एक पंखा आहेच मागं. दोन झाले की आवाज वाढणार. मी डेसिबलचं सूत्र..."

"बादली," चाचा म्हणाले.

सरांनी बटण दाबलं.

कंप्युटर सुरू झाला. चाचांनी टेबलावर पंजा टेकला, डोळे मिटले आणि कपाळाला आठी घातली. "ह्यो सारखा मन बदलतोय."

"तो माझा प्रोग्राम आहे!" सरांना भिंतीवर चिकटवलेला आलेख दाखवायचाच होता. "एक अंश वाढला की पंख्याचा वेग वाढतो, एक अंश उतरला की उतरतो. तीन आठवडे बसून केलाय."

"सर, मागाखाली झोळी बांधून पोरं झोपवायचो आमी. चाळीस माग धडाधडा चालायचे. पोर हलायचं न्हाई. कवा उठायचं?"

"कधी?"

"एखादा माग थांबला की."

सरांनी आलेखाकडं पाहिलं. रेघ वर, खाली, वर, खाली. डोंगररांग सुंदर होती. तीन आठवड्यांची होती. त्यांनी प्रोग्राम बंद केला, दोन्ही पंखे एका मंद चालीवर बांधून टाकले आणि वाट पाहिली. पडद्यावरचा आकडा चढू लागला.

"पन्नास. अठ्ठावन्न. बासष्ट! चाचा, बासष्ट! सगळं उघडं ठेवून मी अडतीसवर आणला होता."

"चाललाय का?"

"चाललाय. ऐंशीपर्यंत चालतो, पण..."

"मग ताप कुणाला आलाय?"

राजमतींना दारात ठसका लागला.

चाचांनी कंप्युटरच्या चार कोपऱ्यांखाली मागाच्या जुन्या पट्ट्याचे रबरी तुकडे सरकवले, पुन्हा पंजा टेकला. आठी गेली. मग खुर्ची ओढून ते तिथंच बसले, पंजा टेबलावर ठेवूनच.

"वाचा."

सरांनी छताचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, माइक टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला घेतला. एप्रिल महिना, अकराचं ऊन, अंगात बनियन. धडा सातवा: सत्तेचे विभाजन. चौथ्यांदा.

सर वाचू लागले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. राजमती हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. वीस. आकडा चौसष्टवर गेला, तिथंच घुटमळला. एकवीस. सरांच्या कपाळावरून घाम पुस्तकावर पडला. बावीस. एक वाक्य त्यांनी नको तिथं तोडलं, पुन्हा जोडून घेतलं.

तेवीस.

 सरांचे डोळे पानावर, पण लक्ष त्या हिरव्या दिव्यावर...

चोवीस.

दिवा होता. आकडा चौसष्टच.

धड्याचा उरलेला भाग सरांनी जो वाचला, त्याला तोड नव्हती. कायदेमंडळ त्यांनी दणक्यात स्थापन केलं. कार्यकारी मंडळाला खडसावलं. न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य तर असं घोषित केलं, की राजमतींनी लाटणं उंचावून सलामी दिली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला धडा संपला आणि सरांनी तो जतन केला. मग आणखी एकदा केला.

विजयी मुद्रेनं ते चाचांकडं वळले.

चाचा झोपले होते. पंजा टेबलावर, मान छातीवर, तोंड किंचित उघडं.

उठवावं की नाही हे सरांना कळेना. त्यांनी हलकेच कंप्युटर बंद केला. पंखे थांबले.

चाचा दचकून जागे झाले. "काय झालं?"

उरलेले आठ धडे दहा दिवसांत झाले. एकदाही कंप्युटर बंद पडला नाही. परीक्षेला आठवडा असताना सगळं पुस्तक पद्मजाकडं पोचलं होतं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, शिट्टी गेली! आता तुम्ही पान उलटता ते ऐकू येतं. लाटण्याचा आवाज आला की कळतं, जेवायची वेळ झाली." ती जरा थांबली. "फक्त सातव्या धड्यात... कुणीतरी घोरतंय."

सरांना ते रेकॉर्ड करताना जाणवलंच नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकण्यातून सवड मिळाली नव्हती.

"पुन्हा वाचून देतो. आजच."

"नको नको, सर. राहू दे. एका चालीत घोरतात ते. त्याच्यावर मला पाठ होतंय."

निकाल जूनमध्ये लागला. राज्यशास्त्रात अठ्ठ्याऐंशी. पद्मजा वसतिगृहात पहिली आली. सातव्या धड्यावरचा प्रश्न तिनं सर्वांत आधी सोडवला होता, हे तिनं आवर्जून कळवलं.

लगेच संयोजकांचा फोन आला. सत्कार ठेवलाय, सर. शाल, श्रीफळ.

"श्रीफळ पाठवा," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

राजमतींनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की लग्नानंतर तशी नजर सरांच्या वाट्याला दोनदाच आली होती.

सरांनी मग कपाट उघडलं. आत आता पुस्तकं होती, आणि वरच्या फळीवर एकच शाल, घडी केलेली. शेवटच्या वर्गाची, लोकरीची. ती काखेत मारून ते निघाले आणि चाचांच्या अंगणात शिरल्या शिरल्या गरजले, "चाचा! पद्मजा पहिली आली! पहिली!"

गिरणीतल्या त्याच दोन बायका वळल्या. या खेपेला त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"क्काय?" चाचा म्हणाले.

"पहि-ली!"

चाचांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दोन्ही हात वर केले, मग लिंबाकडं बोट दाखवलं. लिंबाला कळ्या धरल्या होत्या.

सरांनी शाल उलगडली. भाषण पाठ केलं होतं, ते आठवेना. त्यांनी नुसती ती चाचांच्या खांद्यांवर पांघरली, दोन्ही टोकं पुढं आणून नीट केली आणि वाकून नमस्कार केला.

 चाचांनी शाल उतरवून मांडीवर घेतली, काठ चिमटीत धरून चोळला. नखानं एक धागा सोडवला, हळूहळू ओढत काढला, हातभर. बोटांत धरून समोर लोंबता केला. अंगणात वारा आहे असं कुणाला वाटलं नसतं. पण धागा हलला.

चाचांनी तो गुंडाळून खिशात ठेवला. शालीची घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिली.

"चाचा, ठेवा की! मनापासून आणलीय!"

...

"एवढाच लागतो, सर. बाकीचं गरम हुतं."